बंब, गीझर आणि गृहस्थाची दुरुस्ती

राजांच्या वंशावळी आणि लढायांच्या तिथी लिहून ठेवणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. परंतु ज्या भांड्यात पाणी तापवून घरोघरची माणसे रोज सकाळी स्नान करीत आली, त्या भांड्याचा इतिहास लिहावा असे फारसे कोणास वाटलेले नाही. जी वस्तू नित्य डोळ्यांसमोर असते ती बिघडेपर्यंत दिसतच नाही. गेल्या पौषात नवी मुंबईतील आमच्या घरी ती अशी बिघडून दिसली, आणि तिची दुरुस्ती करता करता आम्हांस तिचा इतिहास शोधावा लागला. तो वाचकांस निरुपयोगी वाटणार नाही अशी आशा आहे.

प्रसंग साधा होता. न्हाणीघराच्या भिंतीवर टांगलेला पंचवीस लिटरांचा विजेचा गीझर एके सकाळी गुरगुरू लागला. तोटी उघडताच पाण्याबरोबर वाफेचे फटकारे बाहेर आले आणि वरच्या सुरक्षा-झडपेतून उकळत्या पाण्याची धार लागली. घरात सर्वांत आधी हा आवाज ओळखला तो आमच्या मातोश्रींनी. माजघरातूनच त्या म्हणाल्या, “अरे, बंब रिकामा पेटवलास की काय?” घरात बंब राहून आज चाळीस वर्षे झाली, तरी भांडे संकटात आहे ही गोष्ट त्यांच्या कानास तत्काळ कळली. आम्हांस मात्र बटण बंद करण्यापलीकडे काही सुचले नाही. यंत्र आमचे, वीजबिल भरणारे आम्ही. आणि त्याचे दुखणे ओळखले ते ज्या बाईने ते यंत्र कधी उघडून पाहिले नाही तिने! असे का व्हावे, या प्रश्नापासून आमच्या शोधास आरंभ झाला.

आजच्या मुलांनी बंब पाहिला असला तर तो एखाद्या हॉटेलच्या दारात शोभेस ठेवलेला. म्हणून त्याची रचना थोडक्यात सांगणे अवश्य आहे. बंब म्हणजे तांब्याचे उभे, नळकांड्यासारखे भांडे. त्याच्या पोटातून मधोमध एक नळी खालपासून वरपर्यंत गेलेली असते. नळीच्या तळाशी जाळी आणि जाळीखाली राख पडण्यास जागा. या नळीत वरून कोळसे, लाकडाच्या ढलप्या, गोवऱ्यांचे तुकडे, नारळाच्या करवंट्या टाकावयाच्या. नळीभोवतीच्या पोकळीत पाणी भरावयाचे. आणि तापलेले पाणी बाजूच्या पितळी तोटीतून घंगाळात काढून घ्यावयाचे. विस्तव पाण्याच्या खाली नसून पोटात असल्यामुळे त्याची ऊब फारशी वाया जात नाही. रशियातील चहाचे पाणी तापविण्याचे समोवार नेमके याच तत्त्वावर चालते. तुला शहरी लिसित्सिन बंधूंनी १७७८ साली समोवारांचा कारखाना काढला, तेव्हापासून त्या शहराचे नाव या भांड्याशी जोडले गेले आहे. ‘बंब’ या शब्दाचे मूळ पोर्तुगीज ‘बोंबा’ या शब्दात सांगतात, आणि त्याचा अर्थ पाणी उपसण्याचे यंत्र असा आहे. आगीच्या बंबाने तो अर्थ आजवर राखला. न्हाणीघरातील बंबाने नुसते नाव घेतले.

बंब घडविणारे तांबट. पुण्यास कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईत कोकणातून वर आलेली ही मंडळी तांब्याच्या पत्र्यावर ठोक्याला ठोका लावून जे मठारकाम करीत, त्याचा नाद त्या आळीतून आजही पुरता लोपलेला नाही. बंब एकदा घेतला की तो पिढ्यान् पिढ्या टिके. तो बिघडत नसे असे मात्र नाही. तो वारंवार बिघडे, आणि वारंवार दुरुस्त होई. टिकण्याचा अर्थच तो होता.

ही दुरुस्ती दोन भागांत वाटलेली असे. पहिला भाग घरचा. राख साचून जाळी बुजली की विस्तव धुमसू लागे. ती सळईने मोकळी करावयाची. तोटी गळू लागली तर तिचा फिरता खुंटा काढून, बारीक राख व तेल लावून घासावयाचा आणि पुन्हा बसवावयाचा. आत क्षारांचा थर चढला तर तो चिंचेच्या पाण्याने सोडवावयाचा. आश्विन वद्य त्रयोदशीस न्हाणीघरातील भांडी चिंच-राखेने घासून, पाणी भरून, बंबाला झेंडूची माळ घालण्याची जी रीत होती, ती धार्मिक खरीच. परंतु तीत वार्षिक तपासणीही आपोआप होऊन जाई. जे भांडे वर्षातून एकदा तरी तळापासून तोटीपर्यंत हाताखालून जाते, त्याचा चिरलेला सांधा लपून राहत नाही.

दुसरा भाग तांबटाचा. सांधा सुटला, तळ झिजला, तर बंब त्याच्याकडे जाई आणि तो त्यास डाख देई. गृहस्थ ते काम स्वतः करीत नसे. परंतु ते काय काम आहे हे त्यास ठाऊक असे, कारण ते त्याच्या डोळ्यांदेखत होई. घरच्याचे कोठे संपते आणि कारागिराचे कोठे सुरू होते, ही सीमा दोघांसही स्पष्ट दिसत असे.

आता मातोश्रींच्या प्रश्नाचा अर्थ पाहू. ‘बंबात पाणी असल्यावाचून विस्तव घालू नये’ हा नियम प्रत्येक घरी पोराटोरांस पाठ होता. त्याचे शास्त्र असे. तांबे सुमारे १०८५ अंश सेल्सिअसवर वितळते, कथिल २३२ अंशांवर. आणि कथिलात शिसे मिसळून केलेली डाख त्याहूनही आधी मऊ पडू लागते. परंतु उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांपलीकडे तापत नाही. उष्णता कितीही दिली तरी ते वाफ होऊन निघून जाते, वर चढत नाही. म्हणून पाणी आहे तोवर डाखेच्या सांध्यास भय नाही. पाणी संपले की सांधा सुटतो, आणि भांडे निकामी होते. पण माणसास इजा होत नाही. म्हणजे बंबाची दुबळी जागा हीच त्याची राखणदारही होती. ही योजना कोणी मुद्दाम केली असेल असे नाही. परंतु उघडे तोंड आणि मऊ सांधा या दोहोंमुळे ते भांडे चुकणाऱ्या माणसास सांभाळून घेई.

भांड्याचे तोंड बंद झाले तेव्हा ही स्थिती पालटली. बंद भांड्यात पाणी उकळले की वाफेस वाट नसते. दाब वाढतो, आणि दाबाबरोबर उकळण्याचा अंशही वर सरकतो. सात वातावरणांच्या दाबाखाली पाणी सुमारे १६५ अंशांपर्यंत उकळत नाही. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडे शिजवून मऊ करणारे असे एक बंद भांडे मांडले. आपल्या स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरचा तो मूळपुरुष होय. भांडे फुटण्याचे भय ओळखून पापँने त्यास वजन टांगलेल्या दांडीची झडप बसविली. दाब मर्यादेबाहेर गेला की झडप उचलली जावी आणि वाफ निघून जावी, अशी ती युक्ती. येथून पुढे बंद भांड्याचा इतिहास हा खरे पाहता त्याच्या राखणदारांचाच इतिहास आहे. आणि त्यात एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते. राखणदार कामात व्यत्यय आणतो, म्हणून माणसे त्याचेच तोंड बांधतात.

इंग्लंडात ग्रिनिच येथे १८०३ साली रिचर्ड ट्रेव्हिथिक याने केलेले एक वाफेचे बॉयलर फुटून माणसे दगावली. त्याची हकीकत अशी सांगतात की, राखणीस ठेवलेला पोरगा ईल मासे पकडावयास गेला होता आणि झडप दाबून ठेवलेली होती. ट्रेव्हिथिकने त्यावरून धडा घेतला आणि पुढील बॉयलरांत शिशाची एक खुंटी बसविली. पाणी कमी होऊन पत्रा तापला की ही खुंटी आपोआप वितळावी आणि वाफेस वाट मिळावी. बंबाच्या डाखेत जे योगायोगाने साधले होते ते येथे जाणूनबुजून केले गेले. कुकरच्या झाकणावरील जी लहानशी गुंडी वितळली की आपण चडफडतो, ती याच खुंटीची वंशज आहे.

दुसरी हकीकत अमेरिकेतील. मिसिसिपी नदीवरील ‘सुलताना’ नावाच्या आगबोटीच्या एका बॉयलरचा पत्रा फुगून गळू लागला होता. तो पुरता बदलण्यास दिवस मोडले असते, आणि उतारूंचे भाडे हातचे गेले असते. म्हणून घाईने एक ठिगळ मारून बोट हाकारली. २७ एप्रिल १८६५ रोजी, यादवी युद्धातील बंदिवासातून सुटून घरी निघालेले सैनिक खच्चून भरलेले असता, तिची बॉयलरे फुटली आणि हजाराहून अधिक माणसे प्राणांस मुकली. अपघाताच्या कारणांविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. परंतु घाईच्या त्या दुरुस्तीचा उल्लेख त्यात पुनःपुन्हा येतो.

आपल्याकडेही हा धडा महागच पडला. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांच्या गिरणीचे यंत्र १८५६ साली सुरू झाले, आणि त्यामागोमाग गिरणगावात धुराड्यांची रांग उभी राहिली. कलकत्त्यास गंगेकाठी ताग आणि आगबोटी. १८६३ साली कलकत्त्यास एक बॉयलर फुटून अनेकांचे प्राण गेले, आणि १८६४ साली बंगालच्या कायदेमंडळाने बॉयलरांच्या तपासणीचा कायदा केला. निरनिराळ्या प्रांतांचे निरनिराळे नियम पुढे १९२३ च्या भारतीय बॉयलर अधिनियमाने एकत्र आणले. त्यातील दोन तरतुदी आमच्या विषयास लागू पडतात. मालकाने बॉयलरच्या रचनेत फेरबदल वा नूतनीकरण करण्यापूर्वी मुख्य निरीक्षकाची लेखी मंजुरी घ्यावी, ही पहिली. दुसरी व्याख्येची: दाबाखाली वाफ निर्माण करण्यासाठीच असलेले, पाच गॅलनांहून मोठे बंद भांडे, तेच बॉयलर. या अधिनियमाची जागा घेण्यासाठी संसदेने २०२५ साली नवा कायदा केला.

या व्याख्येमुळे कायदा न्हाणीघराच्या उंबरठ्याशी थांबला, आणि ते योग्यच झाले. घरोघर निरीक्षक पाठविणे कोणास शक्य आहे? परंतु ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कारखान्याचे बॉयलर आणि त्यापासून मैलभर अंतरावरील बिऱ्हाडातील गीझर यांत जो भेद पडला तो असा: पहिल्याच्या दुरुस्तीवर सरकारची नजर आहे, दुसऱ्याच्या दुरुस्तीवर केवळ गृहस्थाची. गीझर बनवितांना भारतीय मानक ‘आय. एस. २०८२’ पाळले जाते. परंतु कारखान्यातून बाहेर पडल्यावर दहा वर्षांनी त्याच्या झाकणाखाली काय चालले आहे, हे त्या मानकास दिसत नाही.

गीझर हे नाव आइसलँडातील ‘गेसीर’ या उसळत्या उष्णोदकाच्या झऱ्याचे. आपल्या कोकणातही वज्रेश्वरीस आणि पालीजवळच्या उन्हेऱ्यास उष्णोदकाची कुंडे आहेत. ती उसळत नाहीत इतकेच. लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन याने १८६८ साली धुराच्या वायूवर तत्काळ पाणी तापविणारे यंत्र काढले आणि त्यास हे नाव दिले. त्यास धुराडे नव्हते. जळलेला वायू न्हाणीघरातच कोंडे, आणि तो घातक असे. विसाव्या-एकविसाव्या शतकांतही झरोका नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा गीझर लावून स्नानास गेलेली माणसे कार्बन मोनॉक्साइडने गुदमरून मेल्याच्या बातम्या हिवाळ्यात येत राहिल्या, हे पाहिले म्हणजे मॉनच्या यंत्राचा दोष आपण अद्याप पुरता विसरलो नाही असेच म्हणावे लागते. पाणी साठवून ठेवून आपोआप तापविणारे यंत्र मूळच्या नॉर्वेच्या एड्विन रूड याने पिट्सबर्ग येथे १८८९ साली केले. आपल्या भिंतीवरील गीझर त्याच घराण्यातला.

नवी मुंबईत या घराण्याचे राज्य पहिल्यापासूनच आहे. सिडको ही संस्था १७ मार्च १९७० रोजी स्थापन झाली. खाडीपलीकडच्या पंच्याण्णव गावांच्या भूमीवर नवे शहर वसवावयाचे ठरले. १९७३ साली वाशीचा पूल झाला, १९९२ साली आगगाडी आली. गिरगाव-दादरच्या चाळींतून, पुण्या-सातारच्या वाड्यांतून माणसे येथे आली, परंतु त्यांचे बंब आले नाहीत. बंबास परसू लागतो, निदान धूर जाण्यास खिडकी लागते. सरपण ठेवण्यास कोपरा लागतो. सदनिकेच्या चार फूट रुंद न्हाणीघरात यांपैकी काहीच नव्हते. गावाकडे राहिलेले बंब मोडीच्या भावाने गेले. सोय मोठी झाली, यात संशय नाही. पहाटे उठून धुरात डोळे चोळण्याचे काम बहुतेक घरच्या स्त्रीकडेच असे. ते संपले याबद्दल हळहळ व्यक्त करणाऱ्या पुरुषांनी ते काम आठवडाभर करून पाहावे. परंतु बंबाबरोबर घरातून आणखी एक गोष्ट गेली. दुरुस्तीची ती सीमा, आपले कोठवर आणि कारागिराचे कोठून, ती दिसेनाशी झाली. झाकण बंद, आतील व्यवहार अदृश्य; मग ‘कोणी तरी येऊन एकदाचे चालू करून जावे’ एवढीच गृहस्थाची इच्छा उरली.

आता आमच्या गीझराकडे वळू. आम्ही प्रथम न्हाणीघराचे बटणच नव्हे, तर घराचा मुख्य खटका खाली केला, आणि टेस्टरने तारा निर्जीव झाल्याची खात्री करून घेतली. भांडे रात्रभर निवू दिले. दुसऱ्या दिवशी येणारे पाणी बंद करून खालचे झाकण उघडले. आत दिसते ते फार नाही. एक तापणारी कांडी. पाणी ठरावीक अंशास पोहोचले की वीज तोडणारा थर्मोस्टॅट. आणि थर्मोस्टॅट फसला तर अखेरचा उपाय म्हणून वीज तोडणारा दुसरा एक खटका, कटआउट. वर पाण्याच्या नळाशी दाब सोडणारी झडप. तिघे राखणदार, एकामागे एक उभे केलेले.

थर्मोस्टॅटची टोके जळून एकमेकांस चिकटली होती. म्हणून वीज तुटत नव्हती. असे होतेच, वस्तू झिजते. परंतु मग कटआउटने का तोडली नाही? पाहतो तो त्याच्या दोन टोकांस जोडणारी बोटभर तांब्याची तार! तिने वीज त्या खटक्यास वळसा घालून सरळ कांडीकडे नेली होती. दोन वर्षांपूर्वी एक कारागीर येऊन गेला होता. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. कारण तार त्याने लावली असली तरी ती लावविली आम्हीच. गीझर वारंवार बंद पडतो, तो कायमचा चालू राहील असे काही तरी करा, असा आमचा आग्रह होता. कटआउट वारंवार तोडीत होता तो थर्मोस्टॅट बिघडू लागल्याची वर्दी देण्यासाठी. आम्ही वर्दी देणाऱ्याचे तोंड बांधले, आणि दोन वर्षे ऊन पाण्याने सुखाने नाहलो. त्या सकाळी आमच्या आणि अनर्थाच्या मध्ये वरची एकटी झडप उभी होती.

ती झडपही क्षाराने अडली असती तर काय झाले असते, याचा हिशोब आम्ही मागाहून केला. सात वातावरणांच्या दाबाखाली १६५ अंशांस पोहोचलेले पंचवीस लिटर पाणी भांडे फुटून एकाएकी मोकळे झाले, तर त्याच्या सुमारे आठव्या हिश्श्याची तत्क्षणी वाफ होते. तीन लिटर पाण्याची वाफ सुमारे पाच घनमीटर जागा व्यापते. आमचे न्हाणीघर जवळजवळ तेवढेच आहे. ग्रिनिचचा तो पोरगा आणि आम्ही यांत अंतर एवढेच की, तो मासे पकडावयास गेला होता आणि आम्ही वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो.

पुढील काम सोपे होते. तार काढून टाकली. त्याच मापाचा नवा थर्मोस्टॅट आणि नवा कटआउट आणून, जुन्याच्या जोडणीप्रमाणे बसविला. पाणी काढून टाकीचा तळ पाहिला. उन्हाळ्यात टँकरचे जड पाणी घ्यावे लागते, त्याचा पांढरा थर कांडीवर चढला होता, तो सोडविला. थराखालची कांडी स्वतःच अधिक तापते आणि लवकर जळते. झडपेची दांडी उचलून ती मोकळी असल्याचे पाहिले. येथे वाचकांस एक गोष्ट सांगून ठेवतो. पंचवीस लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठ अंशांस गेले की ते पाव लिटरहून अधिक फुगते. म्हणून तापताना झडपेतून थेंब थेंब पाणी पडणे हे कित्येकदा दुखणे नसून तिच्या प्रकृतीचे लक्षण असते. ते थांबविण्यासाठी तिला बूच मारणे म्हणजे पुन्हा तीच तार लावणे होय.

एका ठिकाणी आम्ही हात आवरला. भिंतीतील खोबणीस भूमीची तार नीट जोडलेली आहे की नाही, याची आम्हांस शंका आली. पाणी आणि वीज यांच्या शेजारात त्या तारेवर स्नान करणाऱ्याचा जीव अवलंबून असतो. आणि तिची परीक्षा टेस्टरच्या दिव्यावरून पुरती होत नाही. त्यासाठी आम्ही परवानाधारक वीजकारागीर बोलाविला. ती तार सैल निघाली. त्याने ती आमच्यासमोर पक्की केली आणि मोजून दाखविली, आणि आम्ही जवळ उभे राहून पाहिले. तांबटाच्या दुकानात आमचे आजोबा असेच उभे राहत असतील.

घरची वस्तू घरी दुरुस्त करावी की नाही, यावर हल्ली दोन टोकांची मते ऐकू येतात. झाकणाला हात लावू नये, असे एक. सर्व काही आपले आपण करावे, असे दुसरे. या भांड्याच्या इतिहासावरून आम्हांस दोन्ही खरी वाटत नाहीत. बॉयलरांनी जे जीव घेतले त्यांतील कित्येक दुरुस्ती न केल्यामुळे नव्हे, तर चालू ठेवण्यासाठी केलेल्या दुरुस्तीमुळे गेले. म्हणून हात कोणाचा, हा प्रश्न दुय्यम आहे. काढलेला प्रत्येक भाग तेथे कशासाठी होता, याचे उत्तर ज्यास देता येते त्याने दुरुस्ती करावी. ज्यास देता येत नाही त्याने विचारावे. आणि दुसऱ्याकडून करवून घेतानाही ‘कसेही करून चालू करा’ हे वाक्य तोंडातून काढू नये.

परवा मातोश्री स्नानास गेल्या तेव्हा दाराशी थांबून त्यांनी गीझराचा आवाज थोडा वेळ ऐकला. आता आम्हीही रोज ऐकतो. आणि येत्या आश्विन वद्य त्रयोदशीस मुख्य खटका खाली करून झाकण उघडावयाचे, तळ पाहावयाचा, झडपेची दांडी उचलावयाची असे घरात ठरले आहे. झेंडूची माळ कोठे अडकवावयाची एवढाच प्रश्न राहिला आहे.